महिपती मिस्त्रीचे कान

महिपती मिस्त्रीच्या अंगात शिंग्रोबा येतो, ही बातमी लोणावळ्यात प्रथम शिजली ती भिकाजीच्या हॉटेलात. भिकाजीकडे चहापेक्षा बातम्याच जास्त उकळतात, आणि दूध दोन्हीत बेताचंच असतं. त्याचं म्हणणं असं, की महिपती कुठलीही गाडी दुरुस्त केली की आधी खोपोलीला उतरवतो, मग घाट चढवत आणतो आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे, ऐन चढावर, किल्ली फिरवून ती बंदच करून टाकतो. मग उतरून बॉनेट उघडतो आणि आत डोकं घालून बराच वेळ वाकून उभा राहतो.

"द्येव सांगतो त्येला," भिकाजी फडक्यानं टेबल पुसत म्हणायचा. "ह्या गाडीला इतकं पेट्रोल दे, त्या गाडीला तितकं. म्या सोता बघितलंय, व्हट हलत हुते त्येचे."

आता मी महिपतीचा शेजारी. गवळीवाड्यात आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि तीही अशी, की तिकडं कुणाला उचकी लागली तर इकडं आमची मंडळी पाण्याचा तांब्या भरतात. तेव्हा खरं काय ते मला ठाऊक असणारच. देवबीव काही नाही. महिपती तिथं गाडीचे प्लग काढून बघतो. ओठ हलतात हे मात्र खरं. तापलेला प्लग बोटांना चटका देतो, आणि त्या वेळी महिपती त्याला ज्या नावांनी हाक मारतो ती देवळाच्या इतक्या जवळ उच्चारण्यासारखी नाहीत.

इंजिनाचं गणित त्यानंच मला एकदा ओट्यावर बसून समजावलं होतं. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत जातं आणि जळतं. पेट्रोल जास्त झालं की प्लगच्या टोकाला काळी काजळी धरते. गाडी धूर सोडते, पेट्रोल पिते, पण जगते. पेट्रोल कमी पडलं की टोक पांढरं फटक पडतं. आतली आग तापट होते, आणि मग व्हॉल्व्ह जळतो, नाहीतर पिस्टन वितळतो. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग आला की समजावं, जमलं. पण हा रंग सपाटीवर खरा कळत नाही. ओझं घेऊन चढ चढताना इंजिनाचा जो जीव जातो, त्याच क्षणी ते बंद करून बघावं लागतं. शिवाय लोणावळ्याची हवा विरळ. इथं उभ्याउभ्या बिस्किटाच्या रंगावर आणलेली गाडी खाली खोपोलीच्या दाट हवेत गेली की पेट्रोलला उपाशी पडते, आणि तशीच उपाशी घाट चढायला लागते. म्हणून खोपोली, म्हणून घाट, आणि म्हणून ते देवळाअलीकडचं वळण.

इथवर झाली भिकाजीची दुरुस्ती. पण भिकाजीनं एक प्रश्न विचारला असता तर मीही गप्प बसलो असतो. महिपती हा धंदा वीसेक वर्षं करतोय, मग शिंग्रोबापाशी थांबायला लागला तो अलीकडेच का?

कारण पूर्वी त्याला प्लग बघायची गरजच नव्हती. त्याचं सगळं काम कानावर. मिश्रणातलं पेट्रोल थोडं थोडं कमी करत जायचं, गाडी चढावर पळवायची, आणि इंजिनातून कढईत फुटाणे फुटल्यासारखा तडतड आवाज आला की हद्द आली. मग तिथून एक पायरी मागं यायचं, म्हणजे पेट्रोल किंचित वाढवायचं. "फुटाणं ऐकल्याबिगर हद कळत न्हाई," हे त्याचं वाक्य सगळ्या टॅक्सीवाल्यांना पाठ होतं. आणि त्याला फुटाणा ऐकू यायचा तो कसा, तर पहिलाच. दुसरा फुटायच्या आत त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असायचा.

पुढचं मला भिंतीनं सांगितलं. महिपतीची बायको हिरी, राजमाचीच्या अंगाच्या वाडीतली. लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज कसा आहे हे वर्षभर आम्हाला कळलं नव्हतं. आता तोच आवाज भिंतीतून यायला लागला. "आवं, जेवताय न्हवं?" एकदा, दोनदा, मग पळी ताटावर आपटल्याचा आवाज. मी म्हटलं, चला, महिपतीच्या घरात अखेर भांडण सुरू झालं, बरीच वर्षं वाट बघितली. आमच्या मंडळींनी मला गप्प केलं. म्हणाल्या, "भांडण नाही हो. त्यांना ऐकू येत नाहीये."

तरुणपणी तळेगावच्या एका ट्रक-गॅरेजात तो शिकला होता. सायलेन्सर काढून इंजिनं तासन्‌तास चालवून बघायची तिथली पद्धत, आणि सगळ्यात जवळ उभा राहायचा तो महिपती, कारण त्याचा कान चांगला. त्या चांगल्या कानाची ही वसुली चालली होती.

बाहेर त्यानं पत्ता लागू दिला नाही. माणूस बोलायला लागला की तो त्याच्या तोंडाकडं बघायचा. लोकांना वाटायचं, काय मान देऊन ऐकतो! बॉनेटमध्ये डोकं असताना कुणी काही विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. लोकांना वाटायचं, कामात बुडालाय. आणि कानाची जागा त्यानं डोळ्याला दिली. म्हणून शिंग्रोबा, म्हणून प्लग. खंडाळ्याच्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती, ती चालत होती त्याच्या कानाच्या नावावर. बहिऱ्या मिस्त्रीकडं आपलं इंजिन कोण देईल? हे कळलं की शेड गेली, हे त्यालाही ठाऊक होतं आणि हिरीलाही. मला ठाऊक होतं, पण मी ते पोटात ठेवलं. माझ्या पोटात काही राहिलं, याचं आश्चर्य आमच्या मंडळींना अजून वाटतं.

अशात त्र्यंबकराव सरपोतदार आले.

त्र्यंबकराव मुंबईला गिरणीत इंजिनीअर, तुंगार्लीला त्यांचा छोटा बंगला. माणूस सरळ, बोलणं हळू, आणि एकच वेड, गाडीचं. त्यांच्या बोटीवरच्या मेव्हण्यानं परदेशातून एक टर्बो आणून दिला होता. तो त्यांनी स्वतःच्या जुन्या इंग्रजी गाडीला स्वतःच्या हातानं बसवला. हा टर्बो म्हणजे काय, तर गोगलगाईच्या आकाराचं एक लोखंडी घरटं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर त्यातलं एक चक्र फिरवतो, ते चक्र जोडीचं दुसरं चक्र फिरवतं, आणि ते दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. कोंबलेली हवा म्हणजे जास्त ताकद. पण जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, आणि ते नेमकं किती, हे ठरवायला त्र्यंबकरावांना महिपती हवा होता. त्यांच्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यानं सांगितलं होतं, लोणावळ्यात एक कान आहे.

शेडमधल्या बाकावर बसून त्यांनी महिपतीला सगळं नीट सांगितलं. मी तिथं होतो. मी कुठं नसतो?

"साध्या इंजिनात तुमचे फुटाणे ऐकून मागं फिरता येतं," त्र्यंबकराव म्हणाले. "यात तेवढी सवड नाही. चार फुटाण्यांत पिस्टनला भोक. म्हणून हद्द शोधायचीच नाही. सुरुवात काजळीपासून करायची, सगळ्यात मोठा जेट घालून. मग एकेक लहान करत यायचं, आणि बिस्किटाच्याही अलीकडं, जरा काळपटच थांबायचं. पेट्रोल थोडं जास्त गेलं तरी चालेल मला."

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला पितळी तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल येतं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. त्र्यंबकरावांनी लहानमोठ्या जेटांची एक डबीच आणली होती.

महिपती त्यांच्या ओठांकडं बघत होता. "समजलं, सायेब," म्हणाला.

आता अडचण अशी, की प्लग बघायचा तो गाडी थांबवून. आणि मधल्या चढावर फुटाणा फुटला तर? त्याला कान लागतो. महिपतीनं कान घरातूनच आणला. दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर हिरी बसली होती.

लोणावळ्यानं काय मजा केली! "मिस्त्रीण सायबाच्या गाडीतनं हवा खाया निघाली," भिकाजी म्हणाला. गवळीवाड्यातल्या बायका नळावर तिला "या मेमसाब, आधी तुमी भरा," म्हणून हंडा पुढं सरकवायला लागल्या. त्र्यंबकरावांनाही महिपतीनं सांगितलं होतं, की हिची म्हातारी आई आता वाडी सोडून खोपोलीला राहते, तिला भेटायचं असतं. हिरी मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायची. तिचं काम कुणाला माहीत नव्हतं. स्टेशनाबाहेर टोपलीत फुटाणे-शेंगा विकून तिनं आयुष्य काढलं होतं, ते फुटाणे स्वतः भाजून. कढईत पहिला दाणा फुटला की हात हलवायला लागतो, नाहीतर सगळी कढई करपते. तेव्हा तो आवाज तिच्याइतका कुणाच्या कानात बसला असेल? गाडी त्र्यंबकराव चालवायचे, शेजारी महिपती, आणि महिपतीच्या मागं हिरी, एक हात पुढं त्याच्या खांद्याजवळ. फुटाणा ऐकला की खांदा दाबायचा. खांदा दाबला की महिपती "सोडा!" म्हणणार आणि त्र्यंबकराव पाय उचलणार.

पहिल्या खेपेला गाडी काळा धूर ओकत आली. प्लग कोळशासारखे. जेट बदलला. पुन्हा खोपोली, पुन्हा चढ, देवळाच्या अलीकडं किल्ली बंद, पुन्हा प्लग. महिपती प्लग काढेपर्यंत हिरी उतरून देवळाकडं चालत जायची, शिंग्रोबाला हात जोडायची आणि परत येऊन बसायची. घाटातून जाणारा कोण शिंग्रोबाला हात जोडत नाही? ट्रकवाले चालत्या ट्रकातून नाणं भिरकावतात, एस.टी.तल्या बायका झोपेतसुद्धा हात कपाळाला लावतात. गोऱ्या साहेबाला ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली असं सांगतात, त्याचं ते देऊळ. त्याला ओलांडून हात न जोडता जाणं मावळातल्या माणसाला जमत नाही, मलाही नाही, आणि मी काही फार देवभोळा नाही.

असं करत करत रंग उतरला. काळा, मग तपकिरी, मग गडद चहासारखा. त्र्यंबकरावांनी प्लग हातात घेतला, उन्हाला धरला आणि हसले. "बास. झालं आपलं काम. इथंच थांबू."

महिपतीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तो डबीतल्या जेटांकडं बघत होता.

"आजून एक घर खाली येऊ, सायेब," तो मान वर करून म्हणाला.

"कशाला? म्हटलं ना, जरा काळपटच बरं."

"हद बघितली न्हाई आपण. एक घर खाली येतो, फुटाणा ऐकतो आन् परत हितंच येतो. आन् ह्या टायमाला मधी थांबायचं न्हाई. सरळ खंडाळ्यापत्तुर."

हा हट्ट का केला, हे त्यानं नंतर मला सांगितलं, तेही मी पुन्हा पुन्हा टोचल्यावर. डोळ्यांनी केलेलं काम त्याला कामच वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत हद्द न ऐकता त्यानं एकही गाडी सोडली नव्हती. आणि मागं हिरी होतीच. हिरीचा कान म्हणजे आपलाच कान, असं त्यानं मनात धरलं होतं. निदान हिच्या हातून तरी एकदा हद्द कळावी, मग मी अजून मिस्त्री आहे.

त्र्यंबकराव नाही म्हणू शकले असते. पण ज्याच्या कानाची कीर्ती ऐकून आलो, तोच म्हणतोय, तर त्यांनी मान हलवली.

त्या खेपेची हकिगत हिरीनं आमच्या मंडळींना सांगितली, नळावर नाही, आमच्या स्वयंपाकघरात, दार लावून. भिंतीच्या कृपेनं मीही ऐकली. गाडी खोपोलीहून सुटली ती नुसती उडत होती म्हणे. टर्बोची शीळ कानात घुसत होती, तिच्यातून फुटाणा निवडणं त्र्यंबकरावांच्या कानाला जमणारं नव्हतं. हिरीचा हात खांद्याजवळ, कान पुढं. चढ लागला, वळण आलं, किल्ली बंद करायची ती जागा आली आणि मागं पडली. आणि समोर देऊळ आलं. या आधी प्रत्येक खेपेला ती चालत गेली होती. आज गाडी थांबणार नव्हती. खांद्याजवळचा हात तिनं काढला, दुसऱ्या हाताला जोडला, डोळे मिटले, मान खाली घातली आणि शिंग्रोबाशी बोलायला लागली. तोंडातल्या तोंडात, पण अगदी मनापासून. असं बोलताना माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही.

किती वेळ? देऊळ मागं पडायला लागतो तेवढा. तिनं डोळे उघडले तेव्हा फुटाणे फुटत नव्हते, ते फुटून झाले होते. इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे घोळवल्यासारखा आवाज आला, बॉनेटच्या फटींतून निळा धूर आला, आणि गाडी आपोआप थांबली.

महिपती उतरला, बॉनेट उघडलं, प्लग काढले आणि बघत राहिला. एका प्लगचं टोक वितळून गोळी झालं होतं. बघण्यासारखं तेवढंच होतं. त्र्यंबकराव त्याच्या मागं उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "महिपती, तुम्हाला आवाज आला नाही?"

महिपती प्लगचं टोक फडक्यानं पुसत राहिला.

त्यांनी थोडं मोठ्यानं विचारलं. मग अजून मोठ्यानं. घाटात त्या वेळी दुसरी गाडी नव्हती. महिपतीची पाठ तशीच वाकलेली.

हिरी गाडीतून उतरली. पदराचा बोळा तोंडाशी धरून म्हणाली, "त्येंला ऐकू येत न्हाई, सायेब. लय दिस झालं. ऐकायचं काम माज्याकडं हुतं."

ट्रकला दोरानं बांधून गाडी वर आली, ती मीही बघितली. भिकाजीच्या हॉटेलातलं सगळं गिऱ्हाईक चहा हातात घेऊन रस्त्यावर आलं होतं. पुढं त्र्यंबकराव स्टिअरिंग धरून, मागं हिरी, आणि महिपती गाडीत नव्हताच. तो घाट पायी चढून आला.

त्र्यंबकराव एक शब्द वावगा बोलले नाहीत. नवीन पिस्टन मागवतो म्हणाले, चूक माझीही आहे म्हणाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला त्यांनी काही सांगितलं नसणार, त्यांचा स्वभाव नव्हता तो. पण घाटातली बातमी कुणी सांगावी लागते थोडीच? ट्रकवाल्यानं दोर सोडायच्या आत ती लोणावळ्यात पोचली. त्या दिवसांत पेट्रोलचे भाव भडकलेले, जो तो आपली गाडी कमी पेट्रोलवर आणायला मिस्त्री शोधत होता. महिपतीच्या शेडपुढं मात्र एकही टॅक्सी उभी राहिली नाही. जे यायचे ते गंमत बघायला यायचे. त्याच्या पाठीमागं उभं राहून त्याला काहीबाही बोलायचे आणि तो वळत नाही म्हणून हसायचे. मी पुष्कळांची टर उडवतो, पण ती तोंडावर. अशा पाठीमागच्या हसण्यात मला कधी गोडी वाटली नाही.

आता तो पंक्चर काढतो. ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. त्याला कान लागत नाहीत. जेटांची आणि त्यांची भोकं साफ करायच्या बारीक सुयांची त्याची पेटी आमच्याच माळ्यावर आहे, डोळ्यासमोर नको म्हणून त्यानं दिली. हिरी अजून आईला भेटायला एस.टी.नं खोपोलीला जाते. आमच्या मंडळी एकदा तिच्याबरोबर होत्या. देऊळ आलं तशी सगळी एस.टी. कपाळाला हात लावत होती. हिरीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते आणि डोळे सताड उघडे. देऊळ दिसेनासं झाल्यावर तिनं हात काढले, तर त्यांवर सीटच्या वेताचे वळ उठलेले.

गेल्या आठवड्यात महिपती भिकाजीकडं चहा प्यायला आला. हल्ली तो कमीच येतो. भिकाजी त्याच्या समोर गेला, वाकला आणि ओठ मोठे मोठे हलवत, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं ओरडला, "काय मिस्त्री, त्या दिशी मिस्त्रिणीनं हात जोडलं नसतं, तर सायबाची गाडी वाचली असती का न्हाई? बाईमाणसाला कामाला लावलं की आसंच व्हतं!"

मी म्हटलं, भिकाजी, पुरे. पण महिपतीनं कप खाली ठेवला होता. तो भिकाजीच्या ओठांकडं नाही, डोळ्यांकडं बघत होता.

"भिकाजी, हद बघायचा हट्ट माजा हुता, तिचा न्हवं," तो म्हणाला. "ती हात जोडून माजं कान मागत हुती. शिंग्रोबाला बी ऐकू गेलं न्हाई. त्येला जाऊन इचार आदी, मग माज्या बायकोला नाव ठेव."